खातें, किल्ली आणि कारभारी

एखाद्या कचेरींत चाळीस माणसें काम करतात असें समजावें. त्यांत हिशेबनीस आहेत, टंकलेखक आहेत, वरिष्ठ अधिकारी आहेत, आणि सुटीपुरता काम शिकावयास आलेला एखादा उमेदवारहि आहे. पूर्वीं अशा कचेरींत पगारपत्रकें एका कपाटांत, पत्रव्यवहार दुसऱ्या कपाटांत आणि गोपनीय अहवाल साहेबांच्या खोलींतील तिजोरींत असत. कपाट कोणीं उघडावें हा प्रश्न किल्लीनें सुटे. किल्ली ज्याच्या कंबरेला, त्याला अधिकार; आणि संध्याकाळीं किल्ल्यांचा जुडगा मोजून घेतला, कीं मुख्य कारकुनाला स्वस्थ झोंप लागे. आज तीं सर्व कपाटें एका यंत्रांत गेलीं आहेत. पगारपत्रक, पत्रव्यवहार आणि गोपनीय अहवाल एकाच सर्व्हरवर शेजारीं शेजारीं नांदतात, आणि चाळीसहि टेबलांवरील वाटा त्याच यंत्राला येऊन मिळतात. मध्यें लाकूड नाहीं, लोखंड नाहीं, कुलूप नाहीं. तरीहि उमेदवाराला पगारपत्रक दिसत नाहीं. तें कां दिसत नाहीं, आणि दिसूं नये असें असतांहि पुष्कळ ठिकाणीं तें कां दिसतें, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

अनेक यंत्रें जोडून त्यांमधील सामायिक फाईली, छपाईचीं यंत्रें आणि वापरणारीं माणसें यांचा कारभार जी मूळ प्रणाली पाहते, तिला नेटवर्क ऑपरेटिंग सिस्टीम असें नांव आहे. अमेरिकेंतील नॉव्हेल कंपनीनें १९८३ सालीं नेटवेअर नांवाची अशी प्रणाली बाजारांत आणली, आणि त्यानंतरच्या दशकांत असंख्य कचेऱ्या, पेढ्या व विद्यालयें यांच्या जाळ्यांचा कारभार तिच्याच हातीं होता. मायक्रोसॉफ्टची विंडोज एन्‌टी १९९३ मध्यें आली. बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं जन्मलेली युनिक्स आणि तिच्याच वळणावर १९९१ मध्यें घडलेली लिनक्स यांनींहि सर्व्हरांच्या जगांत आपलें ठाणें बसविलें. नेटवेअरचें युग आतां सरलें आहे. तथापि अधिकारांची जी मांडणी तिनें केली ती इतकी सुबोध होती, कीं हा विषय समजून घेण्यास तिच्याकडे पाहणें आजहि सोयीचें आहे.

प्रश्नाचा उगम मात्र या जाळ्यांहून जुना आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठांत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ च्या नोव्हेंबरांत एका संगणकाचा वेळ अनेकांत वांटून देणारी प्रणाली प्रथम चालवून दाखविली. एकच यंत्र अनेकांच्या हातीं येतांच प्रत्येकाचें लेखन दुसऱ्यापासून निराळें राखणें भाग पडलें, आणि त्यासाठीं प्रत्येकाला एक नांव आणि एक गुप्त संकेतशब्द, म्हणजे आजचा पासवर्ड, देण्यांत आला. युक्ति सोपी होती. पण ती टिकली किती? १९६२ मध्यें तेथील ॲलन शेर या संशोधकाला यंत्राचा आठवड्याला चार तासच वेळ मिळे, आणि त्याचें काम तेवढ्यांत उरकेना. संकेतशब्दांची फाईल छापावयास सांगणारें एक छिद्रित कार्ड त्यानें शुक्रवारीं रात्रीं ठेवून दिलें, आणि शनिवारीं सकाळीं सर्वांचे गुप्त शब्द कागदावर उमटून त्याची वाट पाहत होते! ही हकीकत त्यानें स्वतःच पुष्कळ वर्षांनीं सांगितली. त्याच दशकांत तेथेंच दुसरा प्रसंग घडला. एक व्यवस्थापक त्या दिवसाचा स्वागतसंदेश लिहीत होता, त्याच वेळीं दुसरा संकेतशब्दांची यादी दुरुस्त करीत होता. संपादनाच्या कार्यक्रमानें दोघांच्याहि कच्च्या प्रतींना एकच नांव दिलें, त्यांची अदलाबदल झाली, आणि मग जो जो यंत्राच्या दारीं आला त्याचें स्वागत सर्वांच्या संकेतशब्दांच्या यादीनें झालें!

या प्रसंगांनीं एक धडा शिकविला: गुप्त शब्द जसाच्या तसा कोठेंहि लिहून ठेवूं नये, यंत्राच्या पोटांतहि नाहीं. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत रॉजर नीडहॅम यांनीं त्याच दशकांत यावर तोड काढली. धान्य दळून पीठ करतां येतें, पिठाचें पुन्हां धान्य करतां येत नाहीं. तद्वत् संकेतशब्दावर असा गणिती संस्कार करावा, कीं त्यावरून मूळ शब्द परत काढतां येऊं नये. यंत्र तें पीठ तेवढें जपून ठेवतें. मनुष्य दारीं येऊन शब्द उच्चारतो तेव्हां तो दळून पाहतें, आणि पीठ जुळलें तर दार उघडतें. बेल प्रयोगशाळेंतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्सन यांनीं १९७९ च्या आपल्या निबंधांत त्यांत आणखी भर वर्णिली. दळण्यापूर्वीं प्रत्येकाच्या शब्दांत निराळा असा थोडा मजकूर मिसळावयाचा, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ निराळें निघतें. या मिसळलेल्या मजकुराला तंत्रज्ञांच्या भाषेंत मीठ असेंच नांव आहे.

परंतु येथवर फक्त अर्धा प्रश्न सुटला. दारावरच्या पहारेकऱ्याला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. आलेला मनुष्य खरोखरच तो आहे काय, ही पहिली; आणि तो आहे असें ठरल्यावर त्याला घराच्या कोणत्या भागांत जाऊं द्यावें, ही दुसरी. संकेतशब्द पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतो. दुसऱ्याचें उत्तर अधिकारांची यादी देते. लोकांचें सारें लक्ष पहिल्या प्रश्नावर खिळलेलें असतें. शब्द लांब असावा, त्यांत आंकडे असावे, तो ठराविक दिवसांनीं बदलावा, असे नियम कचेऱ्यांतून मोठ्या आवेशानें लावले गेले. आणि सारखे सारखे बदलावे लागणारे शब्द लोकांनीं चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविले. अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेंच २०१७ सालीं सांगितलें, कीं शब्द फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय केवळ मुदत भरली म्हणून तो बदलावयास लावूं नये. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं, आणि खरें नुकसान पुष्कळदां तेथेंच होतें.

नेटवेअरच्या तिसऱ्या पिढींत फाईली व त्यांच्या डिरेक्टऱ्या यांवरील अधिकार आठ होते: वाचणें, लिहिणें, नवें निर्माण करणें, पुसून टाकणें, नांव व गुणधर्म बदलणें, आंत काय आहे त्याची यादी पाहणें, दुसऱ्याला अधिकार वांटणें, आणि या सर्वांना पोटांत घेणारा पर्यवेक्षकाचा अधिकार. या आठांची गंमत अशी, कीं ते सुटे सुटे देतां येत. प्रणाली बसवितांच टपालाची एक डिरेक्टरी आपोआप तयार होई, आणि तीवर सर्वांना फक्त निर्माण करण्याचा अधिकार असे. म्हणजे चिठ्ठी आंत टाकतां येई, पण आंत कोणाच्या चिठ्ठ्या आहेत तें पाहतां येत नसे व काढून वाचतां येत नसे. रस्त्यावरील तांबड्या टपालपेटीचा गुण एका अक्षराच्या अधिकारानें यंत्रांत उतरला होता. एकाला वाचूं द्यावें पण लिहूं देऊं नये, दुसऱ्याला लिहूं द्यावें पण पुसूं देऊं नये, इतका सूक्ष्म भेद कोणत्याहि लोखंडी कुलुपाला साधला नव्हता.

चाळीस माणसांना शेंकडों डिरेक्टऱ्यांवर एकेक अधिकार वांटीत बसणें अर्थातच कोणा व्यवस्थापकाला शक्य नाहीं. म्हणून दोन सोयी करण्यांत आल्या. पहिली सोय गटांची. हिशेबनिसांचा एक गट करावा, अधिकार गटाला द्यावा, आणि माणूस त्या गटांत घालावा किंवा गटांतून काढावा. दुसरी सोय वारशाची. वरच्या डिरेक्टरीवर दिलेला अधिकार उतारावरून पाणी वाहावें तसा खालच्या सर्व डिरेक्टऱ्यांत उतरतो. तो कोठें अडवावयाचा असल्यास त्या ठिकाणीं गाळणी बसवावी लागे. मग गाळणी सोडील तेवढाच अधिकार खालीं जाई. पर्यवेक्षकाचा अधिकार मात्र या गाळणीलाहि जुमानीत नसे.

भाषणाच्या आरंभीं उपस्थित केलेल्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. सकाळच्या घाईंत कोणी तक्रार करतो, कीं अमुक फाईल उघडत नाहीं. व्यवस्थापकाला नेमका अडथळा शोधण्यास वेळ नसतो. तो सर्वांच्या गटाला अगदीं वरच्या पायरीवर वाचण्याचा अधिकार देऊन टाकतो. तक्रार मिटते, आभार मानले जातात. आणि ज्या ज्या ठिकाणीं गाळणी नाहीं, त्या प्रत्येक कोपऱ्यांत तो अधिकार निःशब्द झिरपत जातो. संध्याकाळपर्यंत उमेदवाराला पगारपत्रक दिसूं लागलेलें असतें. कोणीं कुलूप फोडलें नाहीं, कोणीं चोरी केली नाहीं. एका मनुष्यानें दुसऱ्याची अडचण दूर केली, एवढेंच घडलें.

युनिक्सची मांडणी याहून आंखूड आहे. तेथें प्रत्येक फाईलीचा एक मालक, एक गट आणि उरलेलें जग असे तीन वर्ग मानले आहेत, आणि प्रत्येक वर्गाला वाचणें, लिहिणें व चालविणें असे तीन अधिकार आहेत; एकूण नऊ खुणांत सारा कारभार आटोपतो. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालविण्याला १ असे अंक धरून त्यांची बेरीज लिहितात. पगारपत्रकावर ६४० ही खूण असली, तर मालकाला वाचतां व लिहितां येतें, गटाला फक्त वाचतां येतें, आणि इतरांना कांहींच करतां येत नाहीं. यंत्र माणसाला नांवानें ओळखत नाहीं, क्रमांकानें ओळखतें. ज्याचा क्रमांक शून्य, त्याला या नऊ खुणा सहसा अडवीत नाहींत. तो यंत्राचा सर्वाधिकारी होय.

अधिकार किती द्यावे याविषयीं जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनीं १९७५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांतील विवेचन आजहि प्रमाण मानलें जातें. त्याचें सार थोडक्यांत असें, कीं ज्याला जें काम करावयाचें आहे, त्याला त्या कामापुरता अधिकार असावा, त्याहून कणभर अधिक नसावा. आणि ज्याविषयीं कांहींच सांगितलेलें नाहीं, तें नाकारलेलें आहे असें समजावें. हें तत्त्व ऐकतांना कोणालाहि मान्य होतें. आचरणांत तें कां टिकत नाहीं, हें पाहण्यास एकाच कारकुनाचा प्रवास पुरेसा आहे. तो प्रथम आवक-जावक विभागांत लागला, तेथील अधिकार त्याला मिळाले. दोन वर्षांनीं त्याची बदली भांडारांत झाली. भांडाराचे अधिकार आले, पण पहिले तसेच राहिले, कारण जुन्या जागीं कांहीं विचारावयाचें पडलें तर असावे म्हणून कोणीतरी सुचविलें. पुढें तो हिशेब विभागांत गेला. दहा वर्षांनीं माल मागविणें, माल मिळाल्याची नोंद करणें आणि त्याचे पैसे देणें हे तिन्ही अधिकार एकाच खात्यांत गोळा झाले. तो मनुष्य प्रामाणिक असेल, किंबहुना बहुधा असतोच. पण त्याचा संकेतशब्द ज्याच्या हातीं लागेल तोहि प्रामाणिक असेल, याची हमी कोणी द्यावी?

यापेक्षांहि वाईट चाल म्हणजे एकच खातें अनेकांनीं वापरणें. खिडकीवरील चार जण एकाच नांवानें यंत्रांत शिरतात, कारण प्रत्येक वेळीं नांव बदलण्यांत वेळ जातो. यंत्र आपल्या नोंदवहींत इमानानें लिहितें, कीं अमुक नांवानें अमुक वेळीं अमुक नोंद पुसली. परंतु तें नांव कोणाचेंच नसल्यामुळें ती साक्ष व्यर्थ होते. दोषी मोकळा राहतो एवढेंच नव्हे, तर निर्दोष तिघांनाहि संशयांतून सुटण्याचा मार्ग उरत नाहीं. स्वतंत्र खातें हें मालकाच्या पाळतीसाठीं असतें असा समज आहे. वस्तुतः तें साध्या कारकुनाच्या अब्रूचें रक्षण करतें.

अधिकार देण्याच्या वेळीं मागणारा समोर उभा असतो. काढून घेण्याची वेळ येते तेव्हां मात्र कोणीच समोर नसतें, कारण तो मनुष्य निघून गेलेला असतो. म्हणून सोडून गेलेल्यांचीं आणि विस्मरणांत गेलेलीं खातीं यंत्रांत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. अशा एका खात्याची किंमत २०२१ च्या मे महिन्यांत अमेरिकेनें मोजली. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत इंधन वाहून नेणाऱ्या कलोनियल पाईपलाईन या कंपनीच्या संगणकांत खंडणीखोर शिरले, ते बाहेरून जोडणी करून देणाऱ्या एका जुन्या खात्यांतून. तें खातें वापरांत नव्हतें, पण बंदहि केलेलें नव्हतें. आणि त्याला संकेतशब्दाखेरीज ओळखीची दुसरी खूण लागत नव्हती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकीं सुमारें ४५ टक्के इंधन त्या नळांतून जात असे. तो प्रवाह ७ मे रोजीं कंपनीला थांबवावा लागला आणि १२ मे रोजीं पुन्हां सुरू झाला. मधल्या काळांत पंपांपुढें मोटारींच्या रांगा लागल्या, आणि कंपनीनें ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारें ४४ लाख डॉलर, खंडणी म्हणून दिले. त्यांतील बराच भाग पुढें सरकारनें हस्तगत केला, ही गोष्ट निराळी.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाची आहे. सांज होतांच गडाचे दरवाजे बंद झाले, आणि तान्ह्या बाळाच्या ओढीनें ती गवळण कडा उतरून गेली. दरवाजे चोख होते, पहारा चोख होता. कडा मात्र कोणीं मोजला नव्हता. आख्यायिका पुढें सांगते, कीं हें कळतांच त्या जागीं बुरूज बांधण्यांत आला. संगणकाच्या जाळ्यांतील विसरलेलें खातें हा असाच न मोजलेला कडा होय. त्या वाटेनें येणारा मात्र बाळाच्या ओढीनें येत नसतो.

राहतां राहिला स्वतः कारभारी. ज्याच्या हातीं सर्व किल्ल्या, त्याच्यावर लक्ष कोणीं ठेवावें? नेटवेअरमध्यें त्याचें नांव सुपरव्हायझर होतें, युनिक्समध्यें रूट, विंडोजमध्यें अॅडमिनिस्ट्रेटर. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मुख्य संगणकजाळ्याची उभारणी व देखभाल एका अभियंत्याच्या हातीं एकवटली होती. २००८ च्या जुलैंत वरिष्ठांनीं त्याच्याकडे संकेतशब्द मागितले, ते देण्याचें त्यानें नाकारलें. ते मागणारांच्या हातीं सुरक्षित राहणार नाहींत असें त्याचें म्हणणें होतें. त्याला अटक झाली. जाळें चालू होतें, पण त्यांत फेरफार करण्याचें सामर्थ्य शहराच्या हातीं उरलें नव्हतें. अखेर महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगांत जाऊन त्याला भेटले, तेव्हां त्यानें ते शब्द त्यांना सांगितले. २०१० सालीं न्यायालयानें त्याला चार वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या हेतूविषयीं पुष्कळ वाद झाला. परंतु ज्या व्यवस्थेंत एका मनुष्याच्या स्मरणशक्तीवर सारें शहर अवलंबून राहतें, त्या व्यवस्थेचा दोष त्या मनुष्याच्या शिक्षेनें फिटत नाहीं. तोच मनुष्य आजारी पडता किंवा अपघातांत सांपडता, तर महापौरांनीं कोणाची भेट घेतली असती?

नेटवेअरच्या १९९३ सालच्या चौथ्या पिढींत हा धोका वेगळ्या रूपानें दिसला. त्यापूर्वीं प्रत्येक सर्व्हरची खात्यांची वही स्वतंत्र असे, आणि पांच सर्व्हर वापरणाराला पांच खातीं ठेवावीं लागत. नव्या पद्धतींत साऱ्या संस्थेचा एकच वृक्ष कल्पिला, आणि शाखेशाखेचा कारभार निराळ्या माणसाकडे सोंपविण्याची सोय केली. ती इतकी पूर्ण होती, कीं शाखेवरील वरिष्ठाचा अधिकारहि गाळणीनें अडवितां येई. मग त्या शाखेचा एकमेव कारभारी नोकरी सोडून गेला आणि त्याचें खातें कोणीं पुसलें, तर ती शाखा अनाथ होई. वृक्ष डोळ्यांपुढें उभा, पण त्या फांदीला हात लावण्यास कोणालाच अधिकार नाहीं! अति सत्ता जशी घातक, तशी सत्तेची अति वांटणीहि.

यांतून लहान संस्थांनींहि घेण्यासारखा बोध आहे. ग्रामीण वाचनालय, सहकारी पतपेढी, शाळा, दवाखाना यांच्या यंत्रांतहि आज लोकांचे पैसे, गुण आणि रोग यांच्या नोंदी आहेत. प्रत्येकाला स्वतःचें खातें असावें, आणि अधिकार माणसाला न देतां त्याच्या कामाच्या गटाला द्यावा. बदली होतांच जुना गट सुटावा. मनुष्य नोकरी सोडील त्याच संध्याकाळीं त्याचें खातें बंद व्हावें. पुसण्याची घाई मात्र करूं नये, कारण त्याच्या फाईली प्रथम दुसऱ्याच्या नांवावर चढवाव्या लागतात. युनिक्समध्यें जुन्याचा क्रमांक नव्याला दिला गेला, तर जुन्याच्या फाईलीहि नव्याच्या होऊन बसतात. कारभाऱ्याजवळ दोन खातीं असावीं, रोजच्या पत्रव्यवहारासाठीं साधें आणि कारभारासाठीं सर्वाधिकाराचें; दुसरें त्यानें गरजेपुरतेंच उघडावें. तो सर्वाधिकार किमान दोघांच्या हातीं असावा, आणि त्याचा संकेतशब्द मोहोरबंद पाकिटांत संस्थेच्या तिजोरींत असावा. शेवटीं, तीन महिन्यांनीं एकदां तरी सर्व खात्यांची यादी छापून ती विभागाच्या प्रमुखापुढें ठेवावी, आणि प्रत्येक नांवापुढें त्याला एकच प्रश्न विचारावा: हा मनुष्य आज येथें आहे काय, आणि एवढा अधिकार त्याला आजच्या कामासाठीं लागतो काय?

हें काम कंटाळवाणें आहे. तें केल्याबद्दल कोणी शाबासकी देत नाहीं, कारण तें नीट झालें तर कांहींच घडत नाहीं. जुना मुख्य कारकून संध्याकाळीं किल्ल्यांचा जुडगा मोजी, तेव्हां त्यालाहि शाबासकी मिळत नसे. परंतु पेढीवर पैसे ठेवणारी विधवा आणि दवाखान्यांत आपला आजार सांगणारा रोगी यांचा विश्वास त्या मोजणीवरच उभा होता. आज किल्ल्या डोळ्यांना दिसत नाहींत, एवढाच काय तो फरक; मोजणी चुकली तर नुकसान त्यांचेंच व्हावयाचें आहे.